सायबर सुरक्षेत पीएचडी: आधी पैशाचा उगम बघा

सायबर सुरक्षेत पीएचडी करायची आहे, पण पदरचे पैसे घालून नको, अशा आशयाची बरीच पत्रं आली आहेत. अपेक्षा रास्त आहे. त्यांतले काही प्रश्न इथे घेतो.

प्रश्न: जाहिरातीत ‘फुल्ली फंडेड’ लिहिलेलं असतं. म्हणजे आपल्याला काहीच खर्च येत नाही, असं समजायचं का?

लगेच समजू नका. हे दोन शब्द प्रत्येक देशात वेगळ्या अर्थाने वापरले जातात. नेदरलँड्समध्ये पीएचडी करणारा बहुधा विद्यापीठाचा कर्मचारी असतो. साधारण चार वर्षांचा करार, पगार, त्यातून कर कापला जातो, रजाही मिळते. जर्मनीतही बरेचदा नोकरीच असते, पण तिथे जाहिरातीतली टक्केवारी वाचा. पद पूर्ण आहे की पाऊण की अर्धं, यावर पगार ठरतो, आणि काम मात्र कुणी पाऊण करू देत नाही.

ब्रिटनमध्ये ‘स्टुडंटशिप’ असते, म्हणजे फी आणि जगण्यापुरता स्टायपेंड. काही जागांची रक्कम तिथल्या स्थानिक विद्यार्थ्याच्या फीपुरतीच असते. परदेशी विद्यार्थ्याची फी त्याहून बरीच जास्त असते, तेव्हा हा फरक कोण भरणार ते लेखी विचारून घ्या. अमेरिकेत फीमाफी आणि स्टायपेंड यांच्या बदल्यात टीचिंग किंवा रिसर्च असिस्टंटशिप करावी लागते. रिसर्च असिस्टंटशिप प्राध्यापकाच्या ग्रँटवर अवलंबून असते. ग्रँट मध्येच संपली तर तुम्हाला टीचिंगवर टाकतात, आणि आठवड्यातला बराच वेळ उत्तरपत्रिका तपासण्यात जातो.

युरोपीय संघाची मारी स्क्वोडोव्स्का-क्यूरी डॉक्टरल नेटवर्क्स ही योजना कुठल्याही देशाच्या नागरिकाला खुली आहे आणि वयाची अटही नाही. आधी डॉक्टरेट घेतलेली नसावी, आणि ज्या देशात रुजू व्हायचं तिथे आधीच्या ३६ महिन्यांत १२ महिन्यांहून जास्त काळ राहिलेलं किंवा काम केलेलं नसावं. या दुसऱ्या अटीकडे दुर्लक्ष झाल्याने अनेक चांगले अर्ज बाद होतात. शिवाय इथला पैसा सहसा ३६ महिन्यांचा असतो आणि प्रबंध अनेकांचा चौथ्या वर्षात जातो. मुलाखतीत ‘चौथ्या वर्षाचा खर्च कोण उचलेल?’ असं सरळ विचारा. उत्तर देताना समोरचा अडखळला, तर समजायचं ते समजा.

प्रश्न: सहा वर्षं सिक्युरिटी ऑपरेशन्स सेंटरमध्ये (जिथे शिफ्टमध्ये बसून हल्ल्यांचे इशारे, म्हणजे अलर्ट, तपासतात) काम करतोय. ओएससीपी हे हॅकिंगचं सर्टिफिकेट झालंय, पेपर एकही नाही. मला कोण घेईल?

घेणारे आहेत, पण सर्टिफिकेटकडे बघून कोणी घेणार नाही. ओएससीपीमुळे तुम्हाला यंत्रणा फोडता येते एवढं कळतं. निवड समितीला बघायचं असतं की तुमच्याकडे विचारण्यासारखं काही आहे का, आणि सहा वर्षांत ते नक्कीच जमलेलं आहे. ‘अलर्ट फार येतात आणि बहुतेक खोटे निघतात’ ही तक्रार झाली, ती सगळेच करतात. ‘कोणते अलर्ट विश्लेषक न उघडताच बंद करतात, आणि त्यांत खरे हल्ले किती निसटतात?’ हा संशोधनाचा प्रश्न आहे. जिने कधी शिफ्ट केलेली नाही अशा विद्यार्थिनीला तो सुचणं कठीण.

पेपर नसल्याची कसर भरून काढायचा एक मार्ग मला सर्वांत प्रामाणिक वाटतो. युझनिक्स सिक्युरिटी या परिषदेचे सगळे पेपर फुकट वाचायला मिळतात आणि अनेकांचा कोडही सोबत असतो. आवडीचा एक पेपर घ्या, त्यातला प्रयोग स्वतः चालवून बघा, आणि आकडे कुठे जुळले, कुठे नाही, हे चार पानांत लिहा. एसओपीतल्या (अर्जासोबतच्या उद्देशपत्रातल्या) ‘लहानपणापासून कॉम्प्युटरची आवड’ या वाक्यापेक्षा ती चार पानं कैक पटींनी उपयोगी. शिफारसपत्रांपैकी एक तरी संशोधनाची सवय असलेल्या माणसाचं असू द्या. मॅनेजरचं पत्र कितीही गोड असलं तरी पुरत नाही.

प्रश्न: भरपूर प्राध्यापकांना मेल पाठवले. एकाचंही उत्तर नाही. मेलमध्ये काय चुकतंय?

बहुधा मेल चुकत नाही, माणूस चुकतो. ज्याच्याकडे या वर्षी पैसाच नाही त्याला उत्तम मेलही निरुपयोगी.

आधी या क्षेत्रातल्या चार मोठ्या परिषदांचे कार्यक्रम उघडा: आयट्रिपलई एस अँड पी, युझनिक्स सिक्युरिटी, एसीएम सीसीएस आणि एनडीएसएस. तुमच्या विषयातले अलीकडचे पेपर वेचा आणि थेट शेवटच्या आभारांच्या परिच्छेदावर जा. काम कोणत्या ग्रँटवर झालं ते तिथे लिहिलेलं असतं, बहुतेकदा क्रमांकासकट. तो क्रमांक युरोपीय संघाच्या कॉर्डिस या प्रकल्पांच्या यादीत, अमेरिकेच्या एनएसएफच्या (संशोधनाला पैसा देणारी सरकारी संस्था) अवॉर्ड सर्चमध्ये किंवा ब्रिटनच्या गेटवे टू रिसर्चवर टाका. ग्रँट कधी सुरू झाली आणि कधी संपणार, हे समोर येतं. नुकतीच सुरू झालेली दिसली तर माणसं भरायची असण्याची शक्यता मोठी. मग मेल सहा-सात ओळींचा लिहा: कोणता पेपर वाचला, त्यातलं काय अर्धवट राहिलंय असं वाटतं, आणि तुम्ही आजवर काय केलंय.

सगळीकडे मेलने दार उघडत नाही. ब्रिटनमधली डॉक्टरल ट्रेनिंग सेंटर्स बॅचने प्रवेश देतात, गाईड पुढे ठरतो. अमेरिकेत बऱ्याच विभागांत समिती निवड करते. क्रिप्टोग्राफीवाल्यांनी (माहिती कुलूपबंद करण्याचं शास्त्र) आयएसीआर या त्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचं नोकऱ्यांचं पान नेमाने बघावं. जर्मनीत सारब्रुकेनचं सिस्पा हे सायबर सुरक्षा संशोधन केंद्र आणि बोखुमची माक्स प्लांक सिक्युरिटी अँड प्रायव्हसी संस्था, या दोन्हींवर लक्ष ठेवा.

प्रश्न: एक कंपनी माझ्या पीएचडीचा खर्च द्यायला तयार आहे. घ्यावा का?

घ्या, पण करार वाचून. फ्रान्समध्ये सिफ्र नावाची योजना १९८१पासून चालू आहे. कंपनी विद्यार्थ्याला नोकरीवर घेते आणि सरकार कंपनीला अनुदान देतं. म्हणजे यात वावगं काही नाही. आपल्या क्षेत्रात खरी अडचण एकच: तुमच्या संशोधनात त्याच कंपनीच्या उत्पादनातली भेग सापडली तर काय? पेपर पाठवण्याआधी कंपनीला किती दिवस द्यायचे, आणि तो अडवायचा हक्क तिला आहे का, हे सही करण्याआधी ठरवा. ‘बघू नंतर’ असं उत्तर आलं तर नम्रपणे नकार द्या.

प्रश्न: एका वेबसाइटमध्ये मोठी त्रुटी शोधली होती. परवानगी घेतली नव्हती. अर्जात लिहू का?

नको. सुरक्षा संशोधकांच्या समितीला यातलं कौशल्य नंतर दिसेल, परवानगी नव्हती हे आधी. २०२० मध्ये अमेरिकेतल्या एका विद्यापीठातल्या संशोधकांनी प्रयोग म्हणून लिनक्स कर्नलला (लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) मुद्दाम सदोष पॅच, म्हणजे कोडमधले बदल, पाठवले होते. २०२१ मध्ये पेपर मागे घ्यावा लागला, आणि त्या सबंध विद्यापीठाकडून योगदान स्वीकारणं कर्नलच्या लोकांनी थांबवलं. अशा संशोधनातल्या नैतिकतेवरचा २०१२चा मेन्लो रिपोर्ट छोटा आहे, तो वाचा आणि मुलाखतीत त्यावर बोला. रीतसर बग बाउंटीत (कंपनी परवानगी देऊन त्रुटी शोधण्याबद्दल बक्षीस देते ती योजना) सापडलेली, दुरुस्त झालेली आणि सीव्हीई क्रमांक (जाहीर त्रुटींच्या यादीतला क्रमांक) मिळालेली त्रुटी मात्र खुशाल लिहा.

प्रश्न: अमेरिकेची सायबरकोर स्कॉलरशिप परदेशी विद्यार्थ्यांना मिळते का?

नाही. ती अमेरिकी नागरिक आणि तिथल्या कायम रहिवाशांसाठी आहे. एनएसएफची ग्रॅज्युएट फेलोशिपही तशीच. परदेशी विद्यार्थ्याने असिस्टंटशिपच बघावी.

प्रश्न: विषय ‘एआय आणि सायबर सुरक्षा’ घ्यावा की ‘पोस्ट-क्वांटम’?

हे विषय नव्हेत, कपाटावरची लेबलं आहेत. उदाहरण म्हणून दुसरं घ्या, म्हणजे क्वांटम संगणकालाही फोडता येऊ नये अशी क्रिप्टोग्राफी. ऑगस्ट २०२४ मध्ये एनआयएसटी या अमेरिकेच्या मानक ठरवणाऱ्या संस्थेने पहिली तीन पोस्ट-क्वांटम मानकं प्रसिद्ध केली. त्यानंतर बराच पैसा आणि बरेच प्रश्न अंमलबजावणीकडे वळले आहेत: लहान चिपमधून साइड-चॅनेलने (वीजवापर, लागणारा वेळ अशा बाहेरच्या खुणांवरून) किल्ली फुटते का, जुन्या प्रणाली नव्या पद्धतीवर न्यायच्या कशा. सायबॉक हा सायबर सुरक्षेचा विषयकोश फुकट मिळतो. त्यातली हार्डवेअर आणि क्रिप्टोग्राफीवरची प्रकरणं वाचून यातला एक प्रश्न तीन वाक्यांत मांडता आला, तर प्रपोजल लिहायला घ्या.