‘प्रेडिक्शन मार्केट’ला सट्टाबाजार म्हणावं का?

प्रश्न असा आहे: अमेरिकेतली राज्यं ‘प्रेडिक्शन मार्केट’ला वेसण घालू पाहताहेत. त्याची बातमी मराठीत देताना ‘सट्टाबाजार’ म्हटलं तर चालेल का? की पैज, जुगार, वायदा यांतला एखादा शब्द घ्यावा?

बातमीदाराच्या स्वतःच्या वाक्यात ‘सट्टाबाजार’ नको, असं माझं ठाम मत आहे. तिथला सगळा तंटाच या व्यवहाराला काय म्हणायचं यावर चालला आहे. एखाद्या घटनेवर ‘होय’ किंवा ‘नाही’ विकत घ्यायचं. ‘होय’ 62 सेंटला घेतलं आणि घटना घडली तर एक डॉलर मिळतो, नाही घडली तर सगळे पैसे गेले. असा बाजार चालवणारी कलशी ही कंपनी म्हणते, हा वायद्याच्या जातीचा करार आहे आणि आमच्यावर देखरेख आहे ती वायदे बाजारावर लक्ष ठेवणाऱ्या केंद्रीय आयोगाची. नेवाडा, न्यू जर्सी ही राज्यं म्हणतात, सामन्याच्या निकालावर पैसे लावले की ती पैज झाली, आणि पैजेचे नियम आम्ही ठरवतो. तुम्ही सट्टाबाजार लिहिलंत की राज्यांच्या बाजूने कौल देऊन मोकळे झालात.

आपल्या राज्यघटनेतही नेमकी अशीच वाटणी आहे. शेअर बाजार आणि वायदे बाजार केंद्र सूचीत, नोंद 48. पैजा आणि जुगार राज्य सूचीत, नोंद 34. ‘ओपिनियन ट्रेडिंग’ म्हणजे आपल्याकडचे असेच ‘होय-नाही’चे सौदे; ते आपल्या अखत्यारीत येत नाहीत, असं शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने एप्रिल 2025 मध्ये जाहीर केलं. पुढे ऑगस्टमध्ये संसदेनेच पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला.

मुंबईकराला यात नवल वाटू नये. इथे बाजार आणि जुगार यांची सरमिसळ फार जुनी आहे. 1887 चा मुंबई जुगार प्रतिबंध कायदा काढून त्यातली जुगाराच्या अड्ड्याची व्याख्या वाचा. कापूस-अफूच्या भावावरचा जुगार, त्या भावातल्या आकड्यांवरचा जुगार, पाऊस पडेल की नाही यावरचा आणि किती पडेल यावरचाही, असं एकेक नाव घेऊन सांगितलं आहे. आज कुणी ‘सांताक्रूझला उद्या शंभर मिलिमीटर पडेल, होय की नाही’ असा सौदा काढला, तर काळबादेवीच्या बाजारातल्या जुन्या मंडळींना त्यात नवं काहीच दिसलं नसतं. मटक्यातले ‘ओपन’ आणि ‘क्लोज’ हेही न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातल्या उघडत्या आणि बंद भावांवरूनच आले. भाव यायचे थांबले, मडक्यातून चिठ्ठ्या निघू लागल्या, तरी शब्द बाजारातलेच राहिले.

फरक पाहायचा तर क्रियापद बघा. जुगार खेळतात, पैज लावतात किंवा मारतात, आकडा लावतात, सौदा करतात. सट्टा मात्र खेळतातही, लावतातही आणि करतातही. दलाल स्ट्रीटवर तेजी-मंदीचा अंदाज बांधून खरेदी-विक्री करणं हाही सट्टाच. ‘पैज’ मूळच्या ‘प्रतिज्ञा’वरून आला, त्यात दोन माणसं समोरासमोर असतात, अड्डा लागत नाही. ‘वायदा’ घेतलात तर पुन्हा कंपनीची बाजू घेतल्यासारखं होईल.

म्हणून ‘प्रेडिक्शन मार्केट’ हे नाव तसंच ठेवा, पहिल्या उल्लेखात ‘घटनांच्या निकालावर सौदे होणारा बाजार’ एवढं सांगा आणि पुढे ‘सौदा’ हाच शब्द चालवा. तो दोन्हीकडे बसतो. राज्यांचं म्हणणं देताना पैज किंवा सट्टा लिहा, कंपनीचं देताना करार.

एक मथळ्याबद्दल. ‘राज्यांची बंदी’ सरसकट लिहू नका. नेवाडात खेळांवरची पैज परवान्याने कायदेशीरच आहे. मार्च 2025 मध्ये तिथल्या जुगार नियंत्रण मंडळाने कलशीला व्यवहार थांबवायला सांगितलं ते परवाना नव्हता म्हणून. तिथे ‘परवान्याविना सौद्यांना मनाई’ हा मथळा बरोबर ठरेल.