जुन्या वर्तमानपत्रांतले आणि मासिकांतले लेख संदर्भसूचीत कसे नोंदवायचे?

तुम्ही विचारलंय की एम.ए.च्या लघुप्रबंधात ‘केसरी’चे अग्रलेख, दिवाळी अंकांतले लेख आणि संशोधनपत्रिकांतले निबंध वापरलेत, पुस्तकांच्या नोंदी जमल्या, पण या लेखांपाशी गाडी अडतेय. माझीही तिथेच अडली होती, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पुस्तकाचं एकच नाव नोंदवायचं असतं, इथे दोन असतात: लेखाचं आणि तो ज्यात छापून आला त्याचं. दोन्ही नजरेला वेगळी दिसली पाहिजेत. लेखाचं शीर्षक एकेरी अवतरणात, नियतकालिकाचं नाव तिरप्या टायपात. देवनागरीत तिरपी अक्षरं वाचवत नाहीत, म्हणून मी नाव ठळक करते. मार्गदर्शकांना विचारून घ्या, पण एकदा ठरलं की शेवटच्या पानापर्यंत तेच ठेवा.

संशोधनपत्रिकेचं काम सोपं आहे. लेखकाचं आडनाव, नाव, लेखाचं शीर्षक, पत्रिकेचं नाव, वर्ष (म्हणजे पत्रिकेचं कितवं वर्ष), अंक, महिना-साल, लेखाचं पहिलं आणि शेवटचं पान. डीओआय (लेखाचा कायमचा ऑनलाइन ओळखक्रमांक) असेल तर तो शेवटी. एपीए आणि एमएलए या संदर्भ देण्याच्या दोन रूढ पद्धती; एपीएत साल लेखकाच्या नावामागोमाग येतं, एमएलएत पत्रिकेच्या नावानंतर. विद्यापीठ सांगेल ती पद्धत घ्या.

खरी कसोटी वर्तमानपत्रांची. ‘केसरी’चंच घ्या. १९०८मध्ये टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला तो ‘देशाचे दुर्दैव’ (१२ मे) आणि ‘हे उपाय टिकाऊ नाहीत’ (९ जून) या लेखांवरून. पण अग्रलेखाखाली लेखकाची सही नसते. त्यामुळे नोंद शीर्षकापासून सुरू करायची: ‘देशाचे दुर्दैव’ (अग्रलेख), केसरी, पुणे, १२ मे १९०८, आणि पुढे पान. टिळकांचं नाव द्यायचंच असेल तर चौकोनी कंसात द्या, म्हणजे ते छापलेलं नव्हतं, तुम्ही घातलंय, हे वाचणाऱ्याला कळेल.

आणि कृपा करून एक पाळा. हा लेख तुम्ही मूळ अंकात वाचला नसेल, टिळकांच्या लेखांच्या संग्रहात वाचला असेल, तर नोंद संग्रहाची करा. मूळ तारीख सोबत द्या, पण पान संग्रहाचं. लोकहितवादींच्या शतपत्रांचंही तेच. ती आली ‘प्रभाकर’ साप्ताहिकात, आपण वाचतो पुस्तकात. न पाहिलेल्या अंकाचं नाव सूचीत घालणं मला अप्रामाणिक वाटतं, आणि पुढचा अभ्यासक त्या पानावर जाऊन रिकाम्या हातानं परत येतो.

जुन्या मासिकांत आणखी एक खड्डा आहे, त्यात मी पडलेय. एका लेखाची नोंद वहीत ‘माघ शके १८०३’ अशी उतरवून घेतली होती. सूची करताना शकात ७८ मिळवले आणि १८८१ लिहून मोकळी झाले. तोंडी परीक्षेत परीक्षकांनी नेमकं तिथंच बोट ठेवलं. शक बदलतो चैत्रात, त्यामुळे १८०३चा माघ येतो १८८२च्या सुरुवातीला. माघ-फाल्गुनाला ७९ मिळवायचे, आणि पौष डिसेंबर-जानेवारीत विभागला जातो म्हणून तिथे तिथी पाहायची. तेव्हापासून मी शक जसाच्या तसा देते आणि इसवी सन कंसात. तसंच, जुन्या मासिकांवर ‘पुस्तक ७, अंक ३’ असं दिसलं तर गोंधळू नका, तिथे ‘पुस्तक’ म्हणजे आपलं ‘वर्ष’.

दिवाळी अंकाला अंक-क्रमांकाच्या जागी ‘दिवाळी अंक’ आणि साल लिहिलं की भागतं. आजच्या दैनिकांत मात्र आवृत्ती (पुणे, नागपूर) आणि पुरवणीचं नाव हवंच, कारण पुरवणीची पानं अनेकदा पुन्हा एकपासून मोजतात. संकेतस्थळावर वाचलं असेल तर तिथली तारीख आणि तिथलं शीर्षक द्या; छापील शीर्षक बरेचदा वेगळं असतं.

ग्रंथालयात बांधीव खंड हातात आला की लेखाचा फोटो काढण्याआधी त्या अंकाच्या पहिल्या पानाचा काढा. बांधणीत मुखपृष्ठं बहुतेक वेळा काढून टाकलेली असतात, आणि वर्ष-अंक-महिना सांगणारी बारीक ओळ तेवढी त्या पहिल्या पानाच्या माथ्यावर उरलेली असते.