वाचक विचारतात : पाच मिनिटांनी सडलेला सायलेन्सर

प्रश्न : मोटार शर्यतपटू फांजिओच्या अर्जेंटिनातल्या संग्रहालयातल्या शर्यतीच्या गाड्या सत्तर वर्षांनीही टकाटक दिसतात. आमची १९८५ची पद्मिनी सदाशिव पेठेत वाड्याच्या बोळात उभी असते. वडील दर रविवारी पाच मिनिटं इंजिन चालू करतात, तरी सायलेन्सर सडला. चुकतंय कुठे?
– एक वाचक, पुणे

उत्तर : त्या पाच मिनिटांतच. पेट्रोल जळताना पाण्याची वाफ होते. इंजिन पुरतं तापायच्या आत बंद केलं, की ती वाफ सायलेन्सरात आणि ऑइलमध्ये पाणी होऊन बसते. ऑइलचं झाकण उघडून बघा. आतून पिवळट साय धरली असेल. गाडी काढायचीच तर अर्धा तास सिंहगड रस्त्याने फिरवा, नाहीतर चावीला हात लावू नका.

फांजिओने पाच जगज्जेतेपदं चार कंपन्यांच्या गाड्यांवर मिळवली : अल्फा रोमिओ, मासेराती, मर्सिडीज, फेरारी. त्याच्या बाल्कार्से गावी १९८६ साली संग्रहालय उघडलं. मूळचा गॅरेजमधला मेकॅनिकच तो! संग्रहालयात जपायच्या गाडीला पॉलिशपेक्षा कोरडी हवा महत्त्वाची, साधारण ४५ ते ५५ टक्के आर्द्रता. पुण्यात जुलै-ऑगस्टमध्ये ती ८०च्या वर जाते.

म्हणून पावसाळ्याआधी टाकी रिकामी करा. हल्लीच्या पेट्रोलमधलं इथेनॉल पाणी ओढतं, जुने रबरी पाइप फुगवतं. मग पंपाची नळी काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्या, म्हणजे कार्बोरेटर कोरडा होईल. नाहीतर त्याच्या जेटमध्ये, म्हणजे पेट्रोल सोडणाऱ्या बारीक भोकात, डिंकासारखा चिकटा बसतो. ऑइल आताच बदला. जळकं ऑइल आम्लधर्मी होतं, ते बेअरिंग खातं. चारही प्लग काढून प्रत्येक भोकात चमचाभर नवं ऑइल सोडा, ऑइल आत पसरावं म्हणून चौथ्या गिअरमध्ये गाडी दोन हात अंतर पुढे ढकला, प्लग परत बसवा.

बॅटरीची निगेटिव्ह तार आधी सोडा, १२.४ व्होल्टच्या खाली गेली की चार्ज करा. हँडब्रेक ओढून ठेवू नका, ब्रेकचे लायनर ड्रमला चिकटतात. चाकांना लाकडी गुटके लावा. प्लॅस्टिकची ताडपत्री मात्र अजिबात नको, खाली घाम धरतो. सुती कव्हर घाला.

सायलेन्सरच्या तोंडात उंदीर जाऊ नये म्हणून फडकं कोंबा आणि स्टिअरिंगला तशी चिठ्ठी बांधा.