माउंट कुक: आजी आणि सहा वर्षांच्या मुलासोबत हिमनदी कुठून पाहावी?

न्यूझीलंडमधल्या माउंट कुकला दिवाळीच्या सुट्टीत एकच दिवस हाताशी, सोबत सहा वर्षांचा मुलगा आणि गुडघे दुखणाऱ्या आजी, तरी हेलिकॉप्टरशिवाय हिमनदी दिसेल का, असं तुम्ही विचारलंय. नक्की दिसेल. सगळे हूकर व्हॅलीची पायवाट सुचवतात, पण ती जाऊन-येऊन दहा किलोमीटर आहे आणि झुलत्या पुलांचं काम निघालं की अर्धवटच खुली असते. तुम्ही टास्मान ग्लेशियर व्ह्यू, म्हणजे टास्मान हिमनदी वरून दिसते त्या जागेची पायवाट धरा.

पुकाकी तलावाकडून येताना माउंट कुक गावाच्या थोडं अलीकडे उजवीकडे टास्मान व्हॅली रोड फुटतो. तो संपतो तिथे पार्किंग, निवारा आणि स्वच्छतागृह आहे. पेट्रोल ट्विझेल गावातच भरून घ्या. वर जाऊन यायला साधारण चाळीस मिनिटं, पण बहुतेक चढ पायऱ्यांचा आहे, तीनशेहून जास्त. बाबागाडी गाडीतच ठेवा. गुडघ्यांना त्रास चढताना कमी, उतरताना जास्त होतो, म्हणून आजींना काठी हवीच. पायऱ्या नकोच असतील तर त्याच पार्किंगहून हिमनदीसमोरच्या तळ्याच्या धक्क्याकडे तासाभराची वाट जाते, तिला चढ किरकोळ आहे. मधे ब्लू लेक्स नावाची छोटी तळी लागतात. नाव निळं असलं तरी पाणी हिरवं आहे: हिमनदीचं गार पाणी यायचं थांबलं, आता पावसाचं कोमट पाणी साठतं आणि त्यात शेवाळ वाढतं.

मुलाला एक गोष्ट आधीच सांगून ठेवा, नाहीतर वर पोचल्यावर तो विचारेल, "बर्फ कुठाय?" हिमनदीचा खालचा भाग दरडींच्या दगडमातीने झाकलेला, करडा दिसतो. समोर दिसतं ते राखाडी, दुधाळ तळं. खडक दळून झालेलं पीठ पाण्यात तरंगत राहतं, म्हणून हा रंग. १९७० च्या आधी हे तळं नव्हतंच, तिथवर हिमनदी होती. आता तिचं तोंड काही किलोमीटर मागे आहे, त्यामुळे दुर्बीण न्याच. तरंगते हिमखंड मात्र नुसत्या डोळ्यांनी दिसतात. शेजारून एखादी पर्यटकांची बोट गेली, की केवढे मोठे आहेत ते मुलाला लगेच कळतं.

तुम्ही उभे असता तो कडा म्हणजे हिमनदीने रचलेला सुट्या दगडांचा बांध. त्याच्या तळ्याकडच्या कडा ढासळत असतात, तेव्हा तिथे मुलाचा हात सोडू नका. ऑक्टोबर-नोव्हेंबरात तिथे वसंत असतो आणि वायव्येचा वारा जोरात सुटतो. खाली ऊन असलं तरी विंडचीटर आणि कानटोपी घ्या, सनस्क्रीनही लावा. दुपारच्या हवामानाचा अंदाज वाईट असेल तर सकाळी लवकर जा. आणि किआ पोपट डब्याजवळ आले तरी त्यांना काहीही खायला घालू नका.