ऑल्टमाँटच्या मैफलीत तरुणाचा खून झाला, तेव्हा रोलिंग स्टोन्स हा रॉक बँड कोणते गाणे गात होता? 'सिम्पथी फॉर द डेव्हिल' हे उत्तर चूक का?

प्रश्नमंजूषेत हमखास फसवणारा हा प्रश्न आहे. बरोबर उत्तर 'अंडर माय थंब' असे आहे. ६ डिसेंबर १९६९ रोजी उत्तर कॅलिफोर्नियातील ऑल्टमाँट स्पीडवेवर झालेल्या या विनामूल्य मैफलीला सुमारे तीन लाख श्रोते लोटले होते. व्यासपीठ फारच ठेंगणे होते आणि त्याभोवतीचा पहारा हेल्स एंजल्स या मोटारसायकलस्वारांच्या टोळीकडे होता (हा निर्णय आजही अनाकलनीय वाटतो). त्यांच्या मारहाणीत जेफरसन एअरप्लेन या दुसऱ्या रॉक बँडचा गायक मार्टी बॅलिन दिवसाच बेशुद्ध पडला होता.

'सिम्पथी' सुरू असताना हाणामारी झाल्यामुळे वादन थांबवावे लागले, हे खरे आहे. परंतु अठरा वर्षांच्या मेरेडिथ हंटर या कृष्णवर्णीय तरुणाला भोसकले गेले ते त्यानंतर काही गाण्यांनी, 'अंडर माय थंब'च्या वेळी, आणि हे त्या मैफलीवरील माहितीपटाच्या चित्रफितीतच दिसते. त्याच चित्रफितीत हंटरच्या हाती पिस्तूल दिसत असल्यामुळे हेल्स एंजल्सपैकी आरोपी ॲलन पॅसारो याची १९७१ मध्ये ज्युरीने स्वसंरक्षणाच्या मुद्द्यावर निर्दोष मुक्तता केली.

सैतानाचे गाणे आणि खून यांची जोडी कथेला सोयीची असल्यामुळेच, माझ्या मते, चुकीचे उत्तर इतके टिकले. त्या कथेत त्याच मैफलीतील इतर तीन मृत्यू मात्र सहसा येत नाहीत: दोघांना मोटारीने चिरडले, तर एक जण कालव्यात बुडाला.