पोलंडची साम्यवादी काळातली पदकं : सुरुवात कुठून करावी

स्वागत! पहिला सल्ला म्हणजे सगळं गोळा करायला जाऊ नका. एकच पदक धरा. माझं मत विचाराल तर 'क्शिझ झासउगी', म्हणजे गुणवत्ता क्रॉस. १९२३ पासूनचा हा सन्मान सुवर्ण, रौप्य आणि कांस्य अशा तीन श्रेणींत मिळतो, आणि त्याच्यावर तुलना करायला छान शिकता येतं. मधल्या गोलातली अक्षरं बघा. १९५२ च्या संविधानाने देशाचं नाव बदललं आणि 'आरपी'च्या (पोलिश प्रजासत्ताक) जागी 'पीआरएल' (पोलिश जनता-प्रजासत्ताक) आलं. १९८९ च्या अखेरीस जुनं नाव परतलं, तशी अक्षरंही परतली. म्हणून 'आरपी' दिसलं की ते महायुद्धापूर्वीचंच, असं समजू नका. नवखे इथेच जास्त पैसे मोजतात.

'पोलोनिया रेस्टिटुटा' या पोलंडच्या दुसऱ्या एका सन्मानपदकाच्या मागे वर्ष बघायची सवय लावा: साम्यवादी काळात १९४४, त्याआधी आणि नंतर १९१८.

आणखी काही चुका टाळा:
- पदक घासूनपुसून चकचकीत करू नका. गेलेली झळाळी परत येते, गेलेला जुनेपणा येत नाही.
- 'सुवर्ण' ही श्रेणी आहे, धातू नव्हे. या काळात बहुधा मुलामाच असतो.
- लाल मिन्याचे टवके भिंगाखाली तपासा.
- सोबतची प्रदान-पुस्तिका, 'लेगितिमात्स्या', कधीही वेगळी करू नका. नाव आणि तारीख तिच्यातच असते.

१९७४ आणि १९८४ ची जनता-पोलंडची वर्धापन पदकं स्वस्तात मिळतात. हात बसेपर्यंत तीच घ्या. टाकसाळीच्या खुणा आणि फितींचे बारकावे नंतर पाहू.