आपोआप चालणाऱ्या बेकरीचा एखादा निवांत गेम सुचवाल का? दमून आल्यावर डोकं खरंच शांत होतं का त्यानं?

होतं, माझं तरी होतं. माझी शिफारस कुकी क्लिकरची. फ्रान्सच्या ज्युलियन थिएनो यांनी २०१३ साली केलेला हा गेम ब्राउझरमध्ये फुकट खेळता येतो.

कोल्हापुरात आमची घरची बेकरी आहे. इकडं मिसळीबरोबर स्लाइस ब्रेड लागतो, आणि मिसळवाल्यांना तो सकाळी सकाळीच हवा असतो. म्हणजे रात्रीच भाजायचा, पूर्ण गार करायचा आणि मग कापायचा. गरम कापला की स्लाइस धड निघत नाही. यीस्ट घातलेलं पीठ तर कुणाची वाट बघत नाही. फुगलं आणि वेळेत भट्टीत गेलं नाही, तर बसलंच म्हणून समजा. असं काम करून आल्यावर, जिथं काहीच करपत नाही अशी बेकरी नुसती बघत बसायलाही मला मनापासून आवडतं.

सुरुवातीला कुकीवर बोट मारून कुकीज जमवायच्या. त्या खर्चून आज्या घ्यायच्या, मग शेतं, मग कारखाने. पुढं सगळं त्यांचं ते भाजत राहतं. खरी गंमत मात्र खरेदीच्या हिशेबात आहे. पहिली आजी १०० कुकीजना मिळते आणि सेकंदाला १ कुकी देते. पण त्याच प्रकारची पुढची प्रत्येक वस्तू १५ टक्क्यांनी महाग होते, म्हणजे सहावी आजी पहिलीच्या दुपटीला जाते. पहिलं शेत ११०० ला, पण ते सेकंदाला ८ कुकीज देतं. भागून बघा: सेकंदाच्या एका कुकीमागं शेताचे साधारण १३८ पडतात. चौथी आजी तर दीडशेच्या वर गेलेली असते! तरी ११०० साठी हात आखडून बसू नका; हाताशी कमी असताना आज्याच घ्याव्यात, त्यांच्या जोरावर शेत लवकर येतं. हा हिशेब मनात चालू असला की दिवसभराच्या कटकटी आपोआप मागं पडतात.

मधूनच एक सोनेरी कुकी येते आणि थोड्या वेळात निघून जाते. फायदा चांगला देते, पण तिच्यासाठी डोळे लावून बसलात की निवांतपणा संपला. दिसली तर दाबा, नाहीतर जाऊ दे.

दोन गोष्टी आधीच सांगून ठेवतो. ब्राउझरचा टॅब बंद केला की सुरुवातीच्या काळात भाजणं थांबतं. बंद असतानाही चालू ठेवायची सोय बरीच पुढं मिळते. आणि खेळ त्या ब्राउझरमध्येच साठतो, म्हणून ऑप्शन्समध्ये जाऊन सेव्ह एक्स्पोर्ट करा आणि तो मजकूर कुठंतरी जपून ठेवा.

संगीत हवं असेल तर २०२१ मध्ये स्टीम या गेम्सच्या ऑनलाइन दुकानात आलेली विकतची आवृत्ती घ्या. तिचं संगीत माइनक्राफ्ट गेमला संगीत देणाऱ्या सी४१८ या संगीतकाराचं आहे, रात्री ऐकायला फार छान.

१ लाख कोटी कुकीज झाल्या की सगळं सोडून नव्यानं सुरू करायची मुभा मिळते, आणि जाताना कायमची बढती बरोबर येते. पण एवढ्यात त्या बढतीची पहिलीच पायरी मिळते, तेव्हा घाई करू नका. दुसरीला एकूण ८ लाख कोटी लागतात, तिसरीला २७. आकडे बघून दचकू नका, तोवर कारखान्यांचा वेगही तसाच वाढलेला असतो. भरपूर पायऱ्या साठू द्या आणि मगच नवी बेकरी मांडा.